लायकी नव्हे, पत

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: ‘पैशाच्या ताणातून बाहेर पडण्यासाठी मी एका आध्यात्मिक शिबिराला जाते. तिथे सारखं सांगतात, आधी स्वतःची लायकी वाढवा, मग पैसा आपोआप येईल. सेल्फ-वर्थला लायकी म्हणणं बरोबर आहे का? की आत्ममूल्य म्हणावं? आणि चणचण आणि विवंचना यांत नेमका फरक काय?’

बरोबर नाही. हा ‘लायकी वाढवा’ प्रकार गेली काही वर्षं मी इतक्या वेळा ऐकला आहे की प्रश्न आला हे बरंच झालं.

लायक हा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अर्थ साधा: जुळणारा, योग्य. पण वाक्यात तो कसा वागतो ते पाहा. तो एकटा उभा राहत नाही. लायक म्हटलं की लगेच ‘कशाच्या?’ असा प्रश्न येतो. कामाच्या लायक, विश्वासाच्या लायक, नाहीतर कशाच्याच लायक नाही. म्हणजे मोजपट्टी नेहमी बाहेरची. त्यात मराठीने या नामाला जी क्रियापदं जोडली तीही बघा: लायकी काढणं, लायकी दाखवणं, आणि बोट रोखून विचारलेलं ‘लायकी आहे का तुझी?’. जो शब्द तीनशे पासष्ट दिवस अपमानासाठी वापरला जातो, तोच कर्जाने वाकलेल्या माणसाच्या हातात उपचार म्हणून द्यायचा? हप्ता थकलेल्या माणसाला ‘तुझी लायकी वाढव’ म्हटलं, तर ‘आत्ता ती कमी आहे’ एवढंच त्याला ऐकू येतं. आणि त्याला ते मुळात खरं वाटत असतं, म्हणून तर तो तिथे आलेला असतो.

आत्ममूल्य हा शब्द छापील मराठीत रुळू लागला आहे. मला तो मान्य नाही. मूल्य हा जन्मापासून व्यापाराचा शब्द. पाणिनीने तो ‘मूल’वरून सिद्ध केला आहे (४.४.९१), आणि काशिकावृत्ती या त्याच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेतलं उदाहरण आहे कापडाचं: मुळाशी, म्हणजे घातलेल्या भांडवलाशी, जे बरोबरीचं ते मूल्य. नैतिक मूल्यं, जीवनमूल्यं हा अर्थ फार पुढचा. आत्म्याला मूल्य लावलं की ग्राहक आलाच, आणि ग्राहक आला की भाव पडण्याची भीतीही आली. ज्या भीतीवर औषध शोधायचं, तीच शब्दाच्या पोटात बसली आहे. पात्रता त्यातल्या त्यात बरी, पण तिलाही ‘कशाला पात्र?’ हे शेपूट आहेच.

आता मुद्द्याचं. मराठीत यासाठी एक अस्सल, दोन अक्षरी शब्द आहे आणि तो आपण बँकांना देऊन टाकला आहे. पत. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा, पतधोरण. पण माणसाला पत असते, ती राहते, जाते, सांभाळावी लागते. ऐपत वेगळी आणि पत वेगळी, आणि या दोहोंची गल्लत ही पैशाच्या ताणातली अर्धी यातना आहे. ऐपत म्हणजे आज देता येईल ती रक्कम. पत म्हणजे आज देता येणार नाही हे ठाऊक असूनही समोरचा ज्याच्या भरवशावर देतो ती गोष्ट.

‘पत हे प्रतिष्ठेचं आखूड रूप’ असं मला दोनदा ऐकवण्यात आलं आहे, एकदा तर भर सभेत. ध्वनिनियम ते मानत नाहीत. प्रतिष्ठा प्राकृतात पइट्ठा होते. प्रतिष्ठानाचं पैठण झालं, पतण झालं नाही. पतीशी, म्हणजे धन्याशी, नातं जोडणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की मग अर्थ विश्वासाचा कुठून आला? माझ्या मते पत ही ‘प्रति + इ’ या धातूच्या घरातली. संस्कृत प्रत्येति, म्हणजे विश्वास ठेवतो. प्राकृतात त्याचं पत्तिअइ होतं. हिंदीत पतियाना, गुजरातीत पतीज, सगळीकडे अर्थ भरवशाचाच. याच धातूचा प्रत्यय, म्हणजे विश्वास, नाम म्हणून सरळ रस्त्याने आला असता तर त्याचं पच्चय झालं असतं, हे मला माहीत आहे, कुणी पत्र लिहून कळवू नये. म्हणूनच मी क्रियापदाची वाट धरतो. थोडक्यात, पत आणि प्रत्यय एकाच घरातले, आणि आत्मप्रत्यय हा तयार शब्द मराठीत कधीपासून नांदतो आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच. सेल्फ-वर्थला आत्मप्रत्यय म्हणा. त्याला ‘कशाच्या?’ लागत नाही, भाव लागत नाही, आणि तो ‘पत’च्या घरचा असूनही कुणा सावकाराच्या वहीत नसतो.

पण मला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

‘पत’ला इंग्रजीत क्रेडिट म्हणतात. क्रेडिट आलं लॅटिनमधून. तिथे क्रेदो म्हणजे मी विश्वास ठेवतो, आणि क्रेदितुम म्हणजे विश्वासाने सोपवलेली गोष्ट, कर्ज. हा क्रेदो आणि आपली श्रद्धा हा मुळात एकच शब्द आहे! उपमा म्हणून म्हणत नाही. अक्षरशः एकच. लॅटिन क्रेद, संस्कृत श्रत्, जुन्या आयरिशमध्ये क्रेतिम, आणि पुढे ‘धा’ हा धातू, म्हणजे ठेवणं. श्रत् + धा. ज्या शब्दाने आज तीन आकडी गुणांक काढून माणसाला कर्ज द्यायचं की नाही ते ठरवतात, तोच शब्द देव्हाऱ्यासमोर डोळे मिटताना वापरतात. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी उठून कोश दोनदा तपासला होता.

श्रत् म्हणजे काय, यावर मात्र तीन मतं आहेत. निघंटूने, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीने, श्रत् सत्याच्या नावांत घातला (३.१०), म्हणून परंपरा श्रद्धेचा अर्थ ‘सत्यात ठेवणं’ असा लावते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी तो हृदयाशी जोडला: हृदय ठेवणं. मग १९६९ मध्ये एमिल बेनवेनिस्त या फ्रेंच पंडिताने हृदय बाजूला सारलं. त्याचं म्हणणं, संस्कृतात हृदयासाठी हृद् आहे, त्याचा पहिला वर्ण वेगळा, मग श्रत् हृदय कसं? त्याच्या मते श्रत् म्हणजे गहाण, परत मिळेल या खात्रीने सोपवलेली गोष्ट.

बेनवेनिस्तची विद्वत्ता मी मानतो, पण इथे त्याने कान बंद ठेवले असं माझं ठाम मत आहे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, श्रद्धाळूला झ्रझ्दा म्हणतात. नियमाने तिथे ‘स्र’ हवा होता. ‘झ’ आला कुठून? अवेस्तेतल्या हृदयवाचक शब्दातून, ज्याचा पहिला वर्ण ‘झ’ आहे. म्हणजे ती भाषा रोज बोलणाऱ्यांना या शब्दात हृदयच ऐकू येत होतं, इतकं की त्यांनी वर्ण बदलला. आणि आपल्याकडे? ऋग्वेदातलं श्रद्धासूक्त (१०.१५१) उघडा. चौथ्या ऋचेत आहे: ‘श्रद्धां हृदय्ययाकूत्या श्रद्धया विन्दते वसु.’ हृदयातल्या संकल्पाने श्रद्धेची उपासना करतात, श्रद्धेने वसू मिळतं. वसू म्हणजे धन. एका ओळीत श्रद्धा, हृदय आणि संपत्ती! ध्वनिनियम बेनवेनिस्तच्या बाजूने असतील, कवी माझ्या बाजूने आहे.

(याच ओळीच्या आधाराने कुणी ‘बघा, श्रद्धा ठेवली की पैसा येतो’ म्हणेल, म्हणून सांगून ठेवतो: सूक्तात अग्नी पेटवणं आहे, आहुती आहे, देणाऱ्याचा उल्लेख आहे. नुसतं मागणं नाही.)

आता मराठी काय करते ते पाहा. ‘धा’ म्हणजे ठेवणं. आपण विश्वास करत नाही, घेत नाही, ठेवतो. श्रद्धाही ठेवतो. आणि बँकेत जी ठेवतो तिला ठेवच म्हणतो. संस्कृतातला धातू आपल्याला कुणी शिकवला नाही, तरी भाषेने नेमकं तेच क्रियापद उचललं. त्याच ‘धा’चा निधी, ज्यात महिन्याला पगारातून रक्कम कापली जाते. त्याच ‘धा’चं समाधान. त्याचीच समाधी. निधी आणि समाधान सख्खी भावंडं आहेत हे पैशाच्या शिबिरात कुणी फळ्यावर लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथे कंपनं सांगतात, ऊर्जा सांगतात. घरात एवढी ठेव असताना बाहेरून शब्द उसने आणतात.

आणि ज्यांना वाटतं की पैशाने स्वाभिमान हलणं हा आजचा आजार आहे, त्यांच्यासाठी तुकोबांचे तीन शब्द: ‘द्रव्यें नेला मान’. दुष्काळाने द्रव्य आटलं, आणि द्रव्य जाताना मान घेऊन गेलं. क्रियापद ‘नेला’ आहे. मान गळून पडला नाही, द्रव्याने तो बरोबर नेला, जणू तो त्याच्याच गाठोड्यात बांधलेला होता. लोकांत मिळणारा मान तसाच असतो. म्हणून मला मान आणि प्रत्यय यांत फरक करावासा वाटतो. गीता म्हणते, ‘यो यच्छ्रद्धः स एव सः’ (१७.३), ज्याची जशी श्रद्धा तसाच तो. ही श्रद्धा द्रव्याच्या गाठोड्यात बांधता येत नाही.

माझ्या एका मित्राचं काम सुटलं होतं, सात महिने. एका संध्याकाळी तो समोर बसून बँकेचं पत्र घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा त्याच घडीवर नखाने दाबत होता. म्हणाला, ‘माझी लायकीच नाही रे.’ त्याच आठवड्यात, ज्याच्याकडून त्याने पूर्वी एकदा पैसे घेऊन वेळेवर फेडले होते तो माणूस दारात येऊन, काही लिहून न घेता, रक्कम ठेवून गेला होता. मी विचारलं, ‘त्याने काय बघून दिले?’ मित्र बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘ऐपत तर नाहीच बघितली.’ त्याच्या तोंडून शब्द बरोबर आला होता. पत्र त्याने खिशात ठेवलं.

राहिला चणचण आणि विवंचनेचा प्रश्न, तो मी जवळजवळ विसरलोच होतो. चणचण वस्तूची असते, बहुधा पैशाची, आणि ती मोजता येते: अमुक इतके कमी पडतात. विवंचना मनात असते. पैसे आल्यावर चणचण संपते, विवंचना संपेलच असं नाही. जुन्या मराठीत विवंचना म्हणजे नीट केलेला विचार, असाही अर्थ होता. कुणी तिला वंचनेशी, म्हणजे फसवणुकीशी जोडतात. मला ते पटत नाही. मी तिला विवेचनेची बहीण मानतो, ‘विच्’ धातूतली, ज्याचा अर्थ पाखडून वेगळं करणं आणि ज्यातून विवेक निघाला. अनुस्वाराची अडचण काढतील त्यांनी या धातूचं ‘विञ्चन्ति’ हे रूप पाहावं. सुपात दाणे आणि फोलपटं आहेत, हात चालू आहेत, आणि कधीतरी पाखडणं थांबून नुसतं सूप हलवणं उरलं, तेव्हा या शब्दाला आजचा अर्थ आला असावा.

चिंता आणि चितेतल्या एका अनुस्वाराचं सुभाषित मात्र आता कुणी पाठवू नये. ते सगळ्यांना पाठ आहे आणि रात्री तीन वाजता हिशेब करत बसलेल्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.