बाबा पितात, ते आधीच ठरलेलं होतं का?

प्रश्न: मी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिक्स शिकवताना सर म्हणाले, एका क्षणाला सगळ्या कणांची जागा आणि वेग कळला तर पुढचं सगळं गणिताने काढता येईल. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. मेंदू पण कणांचाच ना, मग मी ठरवतो असं जे वाटतं ते नुसतं वाटणंच झालं. माझे बाबा बारा वर्षं दारू पितात. त्यांना वेगळं वागता येणं शक्यच नव्हतं तर मी त्यांच्यावर चिडू कशाला? आणि मी तरी अभ्यास का करू, निकाल लागायचा तोच लागणार.
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर: माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. तुझं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं, कारण त्यात एक प्रश्न फिजिक्सचा आहे आणि एक घरचा, आणि पहिल्याचं उत्तर तू परस्पर दुसऱ्याला लावून मोकळा झालायस.

सरांनी सांगितलं ते फ्रान्सचा गणितज्ञ लाप्लास याने 1814 साली लिहिलं. त्याने अशी एक बुद्धी कल्पिली जिला एका क्षणी विश्वातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा आणि सगळी बलं माहीत आहेत, तिला मग अनिश्चित असं काहीच उरत नाही, भविष्यकाळसुद्धा भूतकाळासारखा समोर दिसतो. क्वांटमने, म्हणजे अणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या फिजिक्सने, यात अडचण आणलीये, ते पुढच्या उत्तरात बघू, पण तुझ्यासाठी लाप्लास शंभर टक्के बरोबर होता असंच धरू.

तर धरलं, सगळं कारणांनी ठरलेलं आहे. त्यातून "अभ्यास केला काय, न केला काय" हे निघतं का? अजिबात नाही. "कारणांनी ठरलेलं" आणि "काहीही करा, होणार तेच" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी म्हणजे नियतिवाद, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. बुद्ध-महावीरांच्या काळात आजीवक नावाच्या पंथाचा गुरू मक्खली गोसाल हेच सांगायचा, की सुताचा गुंडा फेकला की उलगडत जाऊन संपतो तसा प्रत्येक जीव आपला फेरा संपवणार, माणसाच्या प्रयत्नाने त्यात काही फरक पडत नाही. जैन आगमांत त्याच्या एका अनुयायाची गोष्ट आहे, सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार. त्याची मडकी वाळत ठेवलेली बघून महावीर विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणतो प्रयत्नाशिवाय, सगळं नियतच आहे. बरं, मग कोणी ही मडकी चोरली, फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर? कुंभार म्हणतो मी त्याला बडवीन, जिवानिशी मारीन. महावीर म्हणतात, सगळं नियत आहे तर त्याने काही केलंच नाही, मग मारतोस कशाला? तिथे कुंभार निरुत्तर झाला.

लोक या गोष्टीतला बायकोचा भाग लक्षात ठेवतात, मला मात्र पहिला मडक्यांचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. मडकं होणार हे ठरलेलं असेलही, पण ते माती मळून, चाकावर धरून, कुंभाराच्या हातांतूनच ठरलेलं आहे, त्याचे हात वगळून नाही. तुझ्या निकालाचं तेच. तू पुस्तक मिटलंस तर ते मिटणंच त्या निकालाचं एक कारण होऊन बसेल, आणि मिटलं तरी मार्क तेवढेच असं लाप्लाससुद्धा म्हणत नाही.

आता बाबा. हे बघ, हातातला कप निसटला तर आपण म्हणतो "माझ्या हातून कप फुटला" आणि रागाने भिंतीवर आपटला तर "मी कप फोडला". दोन्हीला कारणं आहेत, दोन्हीत मेंदू आहे, स्नायू आहेत, तरी घरातल्या लहान पोरालाही फरक कळतो, तेही मार चुकवायला "फुटला" म्हणतं, "फोडला" म्हणत नाही. पाणिनीने व्याकरणात कर्त्याची ओळखच "स्वतन्त्रः कर्ता" अशी दिलीये, क्रियेत जे जे भाग घेतात त्यांतला जो इतरांच्या ताब्यात नाही तो कर्ता. म्हणजे कर्त्याच्या मागे काही कारणच नसावं अशी अट नाहीये. फोडला आणि फुटला यातला फरक मला असा वाटतो की फोडताना कोणी "अरे थांब" ओरडलं असतं तर हात थांबू शकला असता, निसटणाऱ्या कपाला ओरडून काही उपयोग नसतो. समोरचं कारण ऐकून वागणं बदलता येणं, मी स्वातंत्र्य म्हणतो ते याला, आणि ते कमी-जास्त असतं.

व्यसन नेमकं तेच कमी करत जातं. दारूचं अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे ते उगाच नाही. तू आठवून बघ, आजोबांसमोर किंवा कामावर बाबा न पिता राहतात का? राहत असतील तर तेवढी जागा त्यांच्यात शिल्लक आहे आणि तेवढ्याचा जाब तू विचारू शकतोस. पण सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात आणि घेतल्याशिवाय थांबत नाहीत अशी वेळ आली असेल तर "मनावर घेतलं तर सोडतील" म्हणणं अन्यायाचं आहे, आणि अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टर लागतातच.

आणि जग कारणांनी चालतं हे इथे तुझ्या बाजूचं आहे, तू ते विरुद्ध बाजूचं समजतोयस. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. अशा ठिकाणी होणारे औषधोपचार, समुपदेशन, गटात बसून बोलणं, घरच्यांना समजावणं, ही सगळी कारणंच आहेत आणि ती मेंदूवर चालतात म्हणून माणसं सुटतात. कारणांचा परिणाम होतच नसता तर तुझ्या बाबांसाठी कोणालाच काही करता आलं नसतं.

रागाचं म्हणशील तर पीटर स्ट्रॉसन या तत्त्वज्ञाने 1962 साली यावर निबंध लिहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की राग, उपकाराची जाणीव, माफी हे सगळं आपण एकमेकांशी माणूस म्हणून वागतो त्यातूनच येतं, आणि विश्व ठरलेलं आहे असं सिद्ध झालं म्हणून ते गळून पडत नाही. तुझा राग खरा आहे, तो बाळगायला तुला फिजिक्सची परवानगी नको. एकच गोष्ट मी सोडून देतो, "याने आता भोगलंच पाहिजे" असं जे आपण चवीने म्हणतो ना, ते. रॉबर्ट सॅपोल्स्कीसारखे शास्त्रज्ञ इच्छास्वातंत्र्य मुळातच नाही म्हणतात, ते मला पटत नाही, पण भोगण्यासाठी म्हणून भोगायला लावू नये या मुद्द्यावर मी त्यांच्यासोबत आहे.

प्रश्न: क्वांटम फिजिक्समुळे विश्व ठरलेलं नाही हे सिद्ध झालं ना? मग इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न सुटला की.
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर: नाही सुटला ताई. कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा अर्धायुष्यकाल साधारण 5730 वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मे अणू फुटणार हे पक्कं, पण हातातला हा एक अणू कधी फुटेल ते क्वांटमच्या नेहमीच्या मांडणीत कशानेच ठरलेलं नाही. समजा असाच एखादा अणू माझ्या मेंदूत फुटला आणि त्यामुळे मी "हो"च्या जागी "नाही" म्हणालो, तर ते माझं ठरवणं झालं का? उलट ते हातून कप निसटण्यासारखंच झालं. नशिबाने निघालेली चिठ्ठी कारणांच्या साखळीपेक्षा जास्त माझी कशी? शिवाय "सिद्ध झालं" पण जरा घाईचं आहे, डेव्हिड बोमने 1952 मध्ये क्वांटमची अशी मांडणी दिली ज्यात सगळं ठरलेलंच असतं, आणि 2022 चं फिजिक्सचं नोबेल क्वांटमच्या ज्या प्रयोगांना मिळालं त्यांनीही ती बाद होत नाही.

प्रश्न: आपण ठरवायच्या आधीच मेंदू ठरवतो असा प्रयोग झालाय म्हणे. मुंबई सोडून देवरुखला राहायला यायचं की नाही यावर आम्ही दोघं वर्षभर वाद घालत होतो, ते सगळं नाटकच होतं का?
– एक निवृत्त वाचक, देवरुख

उत्तर: प्रयोग बेंजामिन लिबेटचा, 1983 चा. लोकांना सांगितलं होतं, मनात येईल तेव्हा मनगट हलवा आणि मनात आलं तेव्हा घड्याळावरचा ठिपका कुठे होता ते सांगा. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले. हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूतला सिग्नल चढायला लागायचा आणि "आता हलवतो" ही जाणीव साधारण 200 मिलिसेकंद आधी. यावरून लोकांनी इच्छास्वातंत्र्य संपल्याचं जाहीर केलं. पुढे 2008 मध्ये स्कॅनरमध्ये झोपवून डावं बटण की उजवं हे काही सेकंद आधी ओळखून दाखवलं, पण ओळखायचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास, आणि नाणं उडवलं तरी पन्नास टक्के येतंच की. 2012 मध्ये आरॉन शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळंच दाखवलं, की मेंदूत चढ-उतार सतत चालूच असतात, मनगट हलवायला काही कारणच नसलं तर त्या चढ-उतारातली एखादी लाट उंबरठा ओलांडते आणि हात हलतो, मग मागे जाऊन सरासरी काढली की आधीपासून चढ असल्यासारखा दिसतो. म्हणजे तो सिग्नल हा आधीच झालेला निर्णय आहे असं मानायची गरजच उरत नाही.

आणि मनगट आत्ता हलवलं काय, दोन सेकंदांनी हलवलं काय, कोणाचं काय बिघडतं? लिबेटने मुद्दामच बिनकारणाची कृती निवडली होती. तुम्ही दोघं वर्षभर दवाखाना किती लांब पडेल, मुलं किती वेळा येतील, पेन्शन पुरेल का, पावसाळ्यात रस्ता कसा असतो, यावर भांडलात असणार. ते वर्ष मेंदूतच गेलं यात शंका नाही, पण ते गेलं नसतं तर तुमचं पत्र आज देवरुखहून आलं नसतं.