वाचकांचे प्रश्न : गॅसची विहीर शेजाऱ्याच्या जमिनीत, रॉयल्टी आपल्याला किती?

प्रश्न : अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात आमची 40 एकर जमीन आहे. आधीच्या मालकाने केलेले गॅसचे लीज (कंपनीला गॅस काढू देण्याचा करार) जमिनीबरोबर आमच्याकडे आले असून त्यात रॉयल्टी 15 टक्के आहे. कंपनीने आमचे 32 एकर 640 एकरांच्या एका युनिटमध्ये (अनेकांच्या जमिनी एकत्र करून केलेल्या गटात) घातले आहेत. विहिरी मात्र शेजाऱ्याच्या जमिनीवर आहेत. चेकच्या कागदावर आमचा हिस्सा 0.0075 असा छापलेला असतो आणि त्यातूनही गॅस गोळा करणे, दाब वाढवणे, वाहून नेणे अशा नावांखाली जवळजवळ तिसरा हिस्सा कापला जातो. राज्याच्या कायद्यात किमान रॉयल्टी साडेबारा टक्के असताना आमच्या हाती त्याहून कमी पडते, हे बेकायदा नाही का?

उत्तर : आधी तो आकडा पाहू, कारण तो बरोबर आहे. मार्सेलस शेल या गॅस असलेल्या खोल खडकाच्या थरातील आडवी विहीर जमिनीखालून मैल-दोन मैल जाते, वाटेत अनेकांच्या हद्दी ओलांडते आणि वर येणारा गॅस नेमका कोणाच्या जमिनीखालचा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सगळे उत्पादन एकरांच्या प्रमाणात वाटले जाते. तुमचे 32 भागिले 640 म्हणजे 0.05, आणि त्याचे 15 टक्के म्हणजे 0.0075. विहीर शेजाऱ्याच्या आवारात आहे म्हणून त्याला एकरी रॉयल्टी जास्त मिळते असे नाही. त्याला जागा वापरू दिल्याचे वेगळे पैसे मिळाले असतील, पण तो हिशेब निराळा. तुमच्या एकरांची संख्या मात्र जुन्या मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहा, कारण तिथे दोन एकरांची चूक झाली तर ती दर महिन्याच्या चेकमध्ये उतरते.

आता कपातीचे पाहू. समजा, युनिटमधून महिन्याला 4 लाख एमसीएफ गॅस निघाला (एक एमसीएफ म्हणजे हजार घनफूट) आणि तो अडीच डॉलर दराने विकला गेला. विक्री झाली 10 लाख डॉलरची, त्यात तुमचा वाटा 7,500 डॉलर. दर एमसीएफमागे 85 सेंट खर्च दाखवला, तर तुमच्या वाट्यातून 2,550 डॉलर जातात आणि हाती 4,950 उरतात. म्हणजे तुमच्या 32 एकरांच्या वाट्याला आलेल्या 50 हजार डॉलरच्या विक्रीवर तुम्हाला दहा टक्केही पडले नाहीत.

तरीही ते आपोआप बेकायदा ठरत नाही, आणि अनेक जमीनमालकांना हे पचत नाही. 1979 च्या कायद्याने किमान एक अष्टमांश रॉयल्टी बंधनकारक केली, पण हा हिस्सा कशाचा आणि कोणत्या ठिकाणच्या किमतीवर काढायचा, हे त्या कायद्यात लिहिलेच नाही. ही फट न्यायालयात पोहोचली आणि मार्च 2010 मध्ये किल्मर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. गॅस विहिरीच्या तोंडाशी बाहेर येतो तिथली किंमत धरायची, आणि ती काढण्यासाठी पुढे बाजारात मिळालेल्या दरातून मधला खर्च वजा करायचा, ही पद्धत न्यायालयाने मान्य केली. माझ्या मते, ज्या कायद्याचा उद्देश शेतकऱ्याला किमान काहीतरी हमखास मिळावे हा होता, त्याची धार या निकालाने पुष्कळ बोथट झाली. पण आज कायदा असा आहे, आणि त्यामुळे टक्क्यांपेक्षा तुमच्या लीजमधील शब्दांना जास्त वजन आहे. रॉयल्टी कोणताही खर्च वजा न करता एकूण विक्रीवर द्यायची असे त्यात स्वच्छ लिहिले असेल, तर कपात हा कराराचा भंग आहे. काही लीजमध्ये गॅस विक्रीयोग्य करण्याचा खर्च कंपनीचा आणि त्यानंतर किंमत वाढवणारा खर्च वाटून घ्यायचा, असे मधले कलम असते. तिथे वाद कोणता खर्च कशात मोडतो यावर होतो. लीज याबाबत गप्प असेल किंवा त्यात ‘विहिरीच्या तोंडाशी’ असे शब्द असतील, तर तुमची बाजू कमकुवत आहे.

2013 च्या कायद्याने चेकबरोबर उत्पादनाचा महिना, गॅसचे प्रमाण, मिळालेला दर, कपाती आणि तुमचा हिस्सा हे सगळे कळवणे बंधनकारक केले आहे. हे कागद फेकू नका. दर महिन्याची कपात प्रति एमसीएफ किती हे वहीत मांडत गेलात, तर दर तोच असताना कपात अचानक का वाढली हे लेखी विचारता येते. कराराच्या भंगाबद्दल दावा लावण्याची मुदत चार वर्षांची आहे. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुमच्या वतीने लढतील या आशेवरही राहू नका. लीज घेणारी कंपनी विक्रेती नसून खरेदीदार ठरते, म्हणून तो कायदा तिला लागू होत नाही, असे 2021 मध्ये न्यायालयाने ठरवले आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट म्हणजे युनिटबाहेर राहिलेले 8 एकर. युनिटबाहेरची जमीन ठरावीक मुदतीनंतर मोकळी होईल असे कलम (वकील त्याला ‘प्यू क्लॉज’ म्हणतात) लीजमध्ये नसेल, तर 32 एकरांवरच्या उत्पादनामुळे हे 8 एकरही त्याच लीजमध्ये अडकून राहू शकतात, आणि त्यांच्यापायी तुम्हाला एक छदामही मिळणार नाही.

प्रश्न : ओहायोच्या पूर्व भागात माझ्या सासऱ्यांची 20 एकर जमीन आहे. त्यांनी लीजवर सही करायला नकार दिला, तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, ‘सही नाही केलीत तरी युनिटमध्ये घेऊच.’ ही नुसती धमकी आहे का?

उत्तर : नाही. ओहायोच्या कायद्यानुसार प्रस्तावित क्षेत्राच्या 65 टक्के जमिनीवरचे हक्क हाती असलेल्यांना राज्याच्या तेल-वायू विभागाकडे अर्ज करता येतो. सुनावणी होते आणि नकार देणाऱ्याची जमीनही आदेशाने युनिटमध्ये येऊ शकते. वेस्ट व्हर्जिनियात 2022 पासून असाच कायदा आहे, तिथे अट 75 टक्क्यांची आहे. मोबदल्याच्या अटी आदेशातच येत असल्याने सुनावणीची नोटीस आली की वकील घेऊन हजर राहावे. त्याआधीच्या काळात वाटाघाटीत तुमचे पारडे तुलनेने जड असते.

पेन्सिल्व्हेनियात चित्र वेगळे आहे. तिथला 1961 चा सक्तीच्या युनिटचा कायदा ऑनोंडागा या चुनखडीच्या थरापर्यंत पोहोचणाऱ्या खोल विहिरींपुरता आहे. मार्सेलस त्याच्या वर असल्याने सुटतो, युटिका हा दुसरा गॅसचा थर मात्र खाली आहे. पण सक्ती नाही म्हणजे गॅस सुरक्षित आहे असे समजू नये. त्या राज्याच्या न्यायालयाने 1889 मध्ये गॅसला रानटी जनावराची उपमा दिली होती : हद्द ओलांडून जो पकडेल त्याचा. शेजारी खडक फोडून गॅस काढला तरी हाच नियम लागू राहतो, असे 2020 च्या ब्रिग्ज खटल्यात ठरले. तुमच्या हद्दीत प्रत्यक्ष घुसखोरी झाल्याचे सिद्ध करता आले तरच गोष्ट वेगळी.

प्रश्न : पेन्सिल्व्हेनियात आम्ही घेत असलेल्या शेतजमिनीच्या जुन्या खरेदीखतात ‘सर्व खनिजे विकणाऱ्याने राखून ठेवली आहेत’ असे वाक्य आहे. मग गॅस कोणाचा?

उत्तर : महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार खनिजांवर सर्वसाधारणपणे राज्याचा हक्क असतो, म्हणून सातबारा पाहताना हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. पेन्सिल्व्हेनियात मात्र वरची जमीन एकाची, कोळसा दुसऱ्याचा आणि गॅस तिसऱ्याचा असू शकतो. ‘खनिजे’ एवढाच शब्द असेल तर त्यात गॅस येत नाही असे गृहीत धरायचे, हा 1882 चा नियम न्यायालयाने 2013 मध्ये मार्सेलसच्या बाबतीतही कायम ठेवला. उलट हेतू होता हे भक्कम पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर असते. मात्र मधल्या एखाद्या खतात ‘तेल व वायू’ असे स्पष्ट राखून ठेवले असेल, तर तुमच्या हाती फक्त वरची जमीन येईल. 1859 मध्ये टायटसव्हिलला तेल लागल्यानंतर अशी खते पुष्कळ झाली. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून त्या काळापर्यंत मागची सगळी खते काढून घ्या, आणि गॅसचे हक्क तपासण्याचे काम वकिलाला स्वतंत्रपणे द्या. घर-जमिनीच्या नेहमीच्या मालकी-विम्यात हे हक्क बहुधा वगळलेले असतात.