गोफ म्हणजे नेमकं काय (कोळसा खाणीतला)

तुम्ही एका खाण अपघाताबद्दल लिहिताय आणि विचारलंय की अपघाताच्या रिपोर्टमधे 'गोफ एजला सपोर्ट काढताना रूफ फॉल झाला' (म्हणजे गोफच्या कडेचा आधार काढताना छत कोसळलं) असं लिहिलंय, तर गोफ म्हणजे बंद पडलेली खाण का, आणि माणसं तिथे गेली कशाला. वर एकांनी गोफ म्हणजे बोगदा असं सांगितलंय, ते बरोबर नाही. मी चंद्रपूरकडच्या अंडरग्राउंड खाणीत ओव्हरमन (कामावर देखरेख करणारा) होतो, डिपिलरिंग (पिलर काढून घ्यायचं काम) सेक्शन बराच काळ सांभाळलाय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे बहुतेक अंडरग्राउंड खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. आधी डेव्हलपमेंट होतं, म्हणजे सीममधे (कोळशाच्या थरात) आडव्या-उभ्या गॅलऱ्या (वाटा) काढायच्या (रुंदी जास्तीत जास्त 4.8 मीटर, त्याच्यावर खास परवानगीशिवाय जाता येत नाही) आणि मधे कोळशाचे चौकोनी पिलर ठेवायचे, वरचं सगळं वजन त्यांच्यावर. कोळशाचा मोठा भाग या पिलरमधेच अडकलेला असतो. मग दुसरा टप्पा डिपिलरिंगचा, पॅनलच्या (एका वेळी काढायला घेतलेल्या पिलरच्या गटाच्या) लांबच्या टोकाला जाऊन पिलरमधे स्प्लिट मारायचा, म्हणजे मधून वाट काढायची, मग एकेक स्लाइस काढत मागे मागे यायचं, शेवटी एक पातळ रिब (कोळशाची भिंत) ठेवायची. पिलर काढून झाल्यावर मागे जी जागा उरते, आधार गेलेली आणि वरचं रूफ पडलेलं किंवा पडायच्या बेतात असलेलं, ती गोफ. गॅलरी कितीही जुनी असो, पिलर उभे असतील तर ती गोफ नाही, ते जुनं वर्किंग. हा फरक लिहिताना पाळाच.

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्या माणसाला वाटतं रूफ पडलं म्हणजे धोका. डिपिलरिंगमधे उलट आहे, पडलेला गोफ चांगला आणि उभा गोफ वाईट. पडलेला दगड फुगतो, मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पोकळी भरत जाते आणि वरच्या थरांना खालून टेका मिळतो, शेजारच्या पिलरवरचा भार हलका होतो. पण वर मजबूत सँडस्टोन असला की तो पडतच नाही, तुम्ही एकामागून एक पिलर काढत जाता आणि मागे मोठं रूफ नुसतं लटकत राहतं. सगळं वजन पुढच्या पिलरवर येतं, कोपऱ्यातून कोळसा उडायला लागतो, लाकडी प्रॉप (टेकूचे खांब) करकरतात, रूफमधून आवाज येतात. जुने सरदार (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारे) रूफ बोलतंय म्हणायचे आणि माणसं मागे घ्यायचे, आणि ते अगदी योग्य होतं. असं रूफ एकदम खाली आलं की खालची सगळी हवा एका झटक्यात गॅलऱ्यांमधे फेकली जाते, त्याला एअर ब्लास्ट म्हणतात, दगड अंगावर न पडताही त्यात माणसं गेलेली आहेत. म्हणून रूफ स्वतःहून पडत नसेल तर गोफच्या कडेवरून होल मारून ब्लास्टिंग करून पाडतात.

ही कड म्हणजे गोफ एज, आणि सगळ्यात काळजीची जागा तीच. तिथे प्रॉपची दाट रांग आणि चॉक (ओंडके आडवे-उभे रचून केलेला आधार) लावतात, म्हणजे गोफमधली पडझड कामाच्या बाजूला येऊ नये. स्लाइस संपली की आतले प्रॉप काढून घ्यायचे, तेही लांब सपोर्टखाली उभं राहून, सिल्वेस्टर नावाच्या साखळीच्या साधनाने ओढून. गोफच्या आत पाऊल टाकायचं नाही, एखादं हत्यार आत राहिलं तर राहिलं.

दुसरा धोका आगीचा. वर्धा खोऱ्यातला सीम जाड आहे, सगळा कोळसा निघत नाही, बराच गोफमधे राहतो. त्याला थोडी थोडी हवा लागत राहिली की तो स्वतःच तापतो. म्हणून पॅनल एवढाच धरतात की तापायला सुरुवात व्हायच्या आत काम संपावं, मग चारी बाजूंनी पक्क्या स्टॉपिंग (भिंती) बांधून सील करतात आणि आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड वाढतोय का ते तपासत राहतात. जिथे वरची जमीन वाचवायची तिथे पाइपने पाणी आणि वाळू सोडून गोफ भरतात, त्याला सँड स्टोइंग म्हणतात. (भंडाऱ्याच्या चिखला वगैरे मँगनीज खाणींत अशा काढलेल्या जागेला स्टोप म्हणतात, गोफ हा कोळशातलाच शब्द.)

तिसरं पाणी. जुन्या गोफमधे आणि जुन्या वर्किंगमधे ते वर्षानुवर्षं साठतं. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनालाला जुन्या वर्किंगमधलं साठलेलं पाणी फुटून खाली आलं आणि 375 माणसं गेली. अशा जागेच्या 60 मीटरच्या आत काम न्यायचं तर वेगळी परवानगी लागते ती यासाठीच.

आता तुम्ही लिहिणार ते वाक्य. 'बंद खाणीत शिरलेले कामगार दगावले' असं कृपया लिहू नका, कारण त्यातून माणसांनीच आगाऊपणा केला असा अर्थ निघतो. रिपोर्टप्रमाणे ते गोफच्या कडेवर सपोर्ट काढत होते, म्हणजे नेमून दिलेलं काम ड्युटीच्या जागेवर करत होते. 'पिलर काढून झालेल्या भागाच्या कडेवर आधार काढत असताना छत कोसळलं' एवढं लिहिलं की पुरे.