घंटागाडीत रोज किती कचरा देता येतो आणि तो वेगळा का करायचा?

तुम्ही छत्रपती संभाजीनगरला नुकतेच राहायला आलात, घंटागाडीवाल्यानं तुमची एकत्र कचऱ्याची पिशवी परत केली, म्हणून विचारताय की घरटी काही मर्यादा आहे का आणि वेगळं करण्याचा एवढा आग्रह कशासाठी. मी इथलाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्या रोजच्या कचऱ्याला किलोची मर्यादा नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत 100 किलोचा आकडा होता, तो रोज त्याहून जास्त कचरा काढणाऱ्या हॉटेलं, मंगल कार्यालयं, मोठ्या सोसायट्यांसाठी. माणशी दिवसाला 200 ते 600 ग्रॅम धरतात, म्हणजे चौघांच्या घराचं एक-दोन किलोत भागतं. अडतं ते वजनापाशी नाही, पिशवीत काय आहे त्यापाशी. घर दुरुस्तीचा राडारोडा आणि झाडाच्या फांद्या रोजच्या कचऱ्यात घालायच्या नसतात, त्या वेगळ्या ठेवून त्यांची सोय वेगळी करायची. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे: घरी बारसं किंवा जेवणावळ असेल आणि 100 पेक्षा जास्त माणसं येणार असतील, तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवावं, असं 2016 च्या त्या नियमांत लिहिलेलं होतं.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी 2018 सांगावं लागेल. तेव्हा हे औरंगाबाद होतं आणि तीस वर्षांहून जास्त काळ शहराचा सगळा कचरा शहराच्या कडेला नारेगावच्या कचरा डेपोत जात होता. ओलं-सुकं एकत्र. अशा ढिगात आत हवा जात नाही, ओला कचरा सडून वायू धरतो, उन्हाळ्यात पेट घेतो आणि पावसाळ्यात त्यातून काळं पाणी झिरपतं. आसपासच्या गावांनी विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं गाऱ्हाणी मांडली. शेवटी फेब्रुवारीच्या मध्यात त्यांनी गाड्याच अडवल्या. मार्चमध्ये कचरा मिटमिट्याकडे टाकायला नेला, तेव्हा तिथं दगडफेक आणि लाठीमार झाला. नारेगावला कचरा टाकायचा नाही असं उच्च न्यायालयानंही बजावलं. त्या महिन्यांत आमच्या कोपऱ्यावरचा ढीग कमरेएवढा झाला होता. रात्री कुणीतरी तो पेटवून द्यायचं आणि दारं-खिडक्या बंद करूनही लेकरं खोकत राहायची. गावकऱ्यांची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आपली घाण आपण त्यांच्या शिवारात टाकत होतो.

त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथं प्रक्रियेची केंद्रं ठरली, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याचा प्रकल्प आला. पण यंत्राला भाजीची देठं लागतात, दुधाची पिशवी नाही. पिशवी पात्यांना गुंडाळली की काम थांबतं. उलट बाजूनंही तसंच: वरणानं भिजलेला पुठ्ठा कुठलाच भंगारवाला घेत नाही, कोरडा असता तर त्याचे पैसे झाले असते.

माझ्या मनावर मात्र दुसरीच गोष्ट कोरली गेली. एकदा फुटलेला काचेचा ग्लास मी तसाच कचऱ्यात टाकला. सकाळी गाडीवरच्या मावशींनी पिशवी दाबून पाहिली आणि तळहातातून रक्त यायला लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. पदराच्या टोकानं हात गुंडाळला आणि पुढच्या दाराकडे गेल्या. मी हळद घेऊन मागून पळालो, त्यांनी घेतली, पण गाडी थांबत नाही म्हणाल्या. तेव्हापासून काच, ब्लेड, सुई आमच्याकडे वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत जाते आणि वर लाल पेनानं ‘काच’ लिहितो. सॅनिटरी पॅड आणि लेकरांचे डायपर कागदात गुंडाळून वेगळे. बॅटरी, जुनी औषधं, ट्यूबलाइट एका खोक्यात साठवून घंटागाडीला वेगळं सांगून देतो.

ओला कचरा तुम्ही घरीच जिरवलात तर पिशवी अर्ध्यावर येते. इथं शिळी भाकरी गाईला जाते, ती धरूच नका. उरलेल्यासाठी भोकं पाडलेला ड्रम पुरे. एक थर भाजीचा, त्यावर दुप्पट वाळलेला पाला, आमच्याकडे कडुलिंबाचा असतो. सुरुवातीला ओंजळभर शेण किंवा आंबट ताक. पुण्या-मुंबईकडचे लोक ड्रम ओला होतो म्हणून तक्रार करतात, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो आणि कचरा कुजवणारे किडेही मरतात, म्हणून त्या दिवसांत सावलीत ठेवा आणि दिवसाआड तांब्याभर पाणी शिंपडा. मूठ दाबली तर ओलसर लागावी, पाणी गळू नये. आंब्याच्या कोयी घालू नका, वर्षभर तशाच राहतात. अडीच-तीन महिन्यांत खालचं काळं, मातीच्या वासाचं खत निघतं.

पहिले आठ दिवस घरातली सगळी माणसं विसरतील, भांडणंही होतील. आम्ही ओट्याशेजारी ओल्याची हिरवी बादली आणि दाराच्या मागे सुक्याची निळी बादली ठेवली, त्यामुळे हाताला सवय लागली. उद्या सकाळी गाडी आली की त्या दोन्ही घेऊन खाली जा, आणि पिशवी परत करणाऱ्या माणसाला नाव विचारा.