प्लगला करंट नाही? आधी मीटर काढा : एटीव्हीबद्दल वाचकांचे प्रश्न

अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर आमच्या राइडच्या एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांच्या, हँडलने वळवायच्या गाड्या आहेत. 110 सीसीच्या एकीला सेल्फ छान फिरतो, पण प्लगला करंटच येत नाही. मेकॅनिकने सीडीआय (प्लगच्या ठिणगीचा करंट सोडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बदलला, फरक शून्य. आता इंजिनातली वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल बदलायची म्हणतो.

त्याला थोडं थांबवा. इग्निशनचं काही बिघडलं की पहिला बळी सीडीआयचा, ही आपल्याकडची जुनी खोड. समुद्राकाठच्या गाडीत मी सगळ्यात आधी बंद करायच्या तारेवर संशय घेतो. या छोट्या गाड्यांत ती बहुधा काळी-पांढरी असते आणि अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकली की इंजिन बंद पडतं. चावी, हँडलवरचं लाल बटण, मागे धरायची दोरी, मुलांच्या गाडीतला रिमोट, सगळे हेच एक काम करतात. बटणात खारं पाणी शिरलं की आतलं पितळ कळकतं. मग बटण ‘ऑन’वर असलं तरी तार अर्थलाच चिकटलेली.

पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढून, टोपीत बसवून, त्याचा धातू इंजिनला टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. आता सीडीआयच्या कपलरमधून (तारा जोडायच्या प्लास्टिकच्या जोडातून) ती एकच तार सोडवा आणि सेल्फ मारा. ठिणगी आली तर दोष स्विचकडे, एकेक कपलर सोडवत शोधा. तपासणी झाली की तार परत लावायची, नाहीतर गाडी सुरू होईल आणि बटणाने बंद होणार नाही.

तरीही ठिणगी नसेल तर पिकअप कॉइल (ठिणगी कधी टाकायची ते सीडीआयला सांगणारी) मोजा. अशा गाड्यांत साधारण 100 ते 200 ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. आणि हो, नवा सीडीआय एसीचा बसवलाय की डीसीचा, हे मेकॅनिकला विचाराच. दिसायला जुळे भाऊ, पण एक मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, दुसऱ्याला बॅटरीचे 12 व्होल्ट लागतात. अदलाबदल झाली की चांगला सीडीआयही मेलेलाच वाटतो.

सेल्फ दाबला की नुसतं ‘कट-कट’. बॅटरी महिन्यापूर्वीच घेतली आहे.

नवी बॅटरी भरलेली असतेच असं नाही. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. मीटर लावूनच सेल्फ दाबा. आकडा 9.6च्या खाली कोसळला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा. 12.5वरून हललाच नाही, तर करंट मोटरपर्यंत जातच नाही: रिलेचे (सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळालेत किंवा केबल सैल आहे.

अर्थिंग तपासायला मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टला लावा आणि सेल्फ दाबा. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थची केबल काढून दोन्ही टोकं घासा. ओहमवर मोजून हा दोष सापडत नाही. दोन-चार धागे शाबूत असलेली केबलही ओहममध्ये ‘पास’ होते, भार आला की हात टेकते.

बॅटऱ्या वर्षभरही टिकत नाहीत. चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर खराब असेल का?

इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मोजा. 13.5 ते 14.5 आले तर चार्जिंग ठीक. 15च्या वर गेले तर रेग्युलेटर बदला. आकडे ठीक असतील, तर धंद्याची पद्धत पाहा. पाच मिनिटांची फेरी, गाडी बंद, पुन्हा सेल्फ. एवढ्यात खर्च झालेला करंट भरून निघत नाही. रात्री चार्जर लावा.

पुढच्या गिअरमध्येही गाडी ठरावीक वेगावर अडखळते. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला.

तिसऱ्यांदा करू नका. बऱ्याच एटीव्हींत रिव्हर्सला वेगाची मर्यादा असते, त्यापुढे ठिणगी तोडली जाते. रिव्हर्सचा स्विच चिकटला की गाडी पुढे जातानाही तिला आपण मागेच चाललोय असं वाटतं. डॅशवर ‘आर’चा दिवा नको तेव्हा लागतो का? गिअरबॉक्सवरच्या त्या स्विचची तार सोडवून बघा. पोलॅरिस कंपनीच्या काही जुन्या गाड्यांत थ्रॉटलची केबल सैल झाली तरी ठिणगी अशीच तोडली जाते. तो सुरक्षेचा बंदोबस्त आहे, कायमचा बायपास करू नका.

गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू.

पिकअप किंवा इग्निशन कॉइलची (प्लगसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलची) तार गरम होऊन आतून सुटत असेल. पण मोजायचं ते बंद पडल्या-पडल्या. थंड कॉइल निर्दोषच दिसते. त्याआधी एक फुकटचं काम करा: बंद पडताच पेट्रोल टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर वायरिंगला हात लावू नका. झाकणाचं हवेचं छिद्र पिनेने मोकळं करा.