‘उल्लंघनात’ बांधकाम होत नाही

प्रश्न असा आहे: सोसायटीला आलेल्या महापालिकेच्या पत्रात ‘इन कॉन्ट्रॅव्हेन्शन ऑफ’ हे शब्द आहेत. इंग्रजी उत्तरात ते वाक्यात कसे बसवायचे? आणि सभासदांसाठी मराठी परिपत्रक काढताना ‘नियमांच्या उल्लंघनात बांधकाम केले’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही, चालणार नाही. हे ‘उल्लंघनात’ मुंबईत नोटीसफलकांवर, बातम्यांत, वकिलांच्या मराठी मसुद्यांत सर्रास दिसतं, आणि प्रत्येक वेळी ते चूकच असतं. मराठीतला ‘-त’ जागा सांगतो, वेळ सांगतो, फार तर अवस्था सांगतो: घरात, पावसाळ्यात, रागात. उल्लंघन ही कृती आहे. कृती कशी घडली हे सांगायला आपल्याकडे ‘-ऊन’ आहे: करून, मोडून, डावलून. म्हणून ‘नियमांचे उल्लंघन करून बांधकाम केले’ किंवा सरळ ‘नियम मोडून बांधकाम केले’ असं लिहा. इंग्रजीत ‘इन’ दिसला की मराठीत ‘-त’ चिकटवायचा, ही सवय सोडायला हवी.

‘नियमांच्या विरोधात बांधकाम’ हेही टाळा. विरोधात मोर्चा निघतो, मतदान होतं. नियमाशी न जुळणारी गोष्ट नियमाविरुद्ध असते. ‘कायद्याच्या विरोधात’ म्हटलं की तो कायदाच नको म्हणणारा माणूस समोर येतो. बाल्कनी बंद करून घेणाऱ्याचं कायद्याशी तसं काही भांडण नसतं.

भंग, अतिक्रमण हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. खरी गंमत ‘उल्लंघन’ या शब्दाच्या पोटात आहे. उद् अधिक लंघन. उद् मधल्या द् चा पुढच्या ल मुळे ल् होतो, म्हणून ल दोनदा येतो. ‘उल्लेख’मध्येही तेच घडतं. ‘उलंघन’ असं एका ल चं लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आता लंघन म्हणजे काय? मराठी माणूस सांगेल, उपवास, ताप आला की करतात ते. मग नियमावरून उडी मारणं आणि जेवण सोडणं यांचा संबंध काय?

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, लङ्घ् हा धातू गत्यर्थी, म्हणजे ‘जाणे’ या अर्थाचा दिला आहे आणि त्यालाच जोडून म्हटलं आहे, ‘भोजननिवृत्तावपि’: जेवण थांबवणे या अर्थीसुद्धा. दोन्ही अर्थ एकाच धातूखाली, शेजारी शेजारी. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे ‘लघु’. जो हलका तो उडी मारू शकतो आणि ज्याने शरीर हलकं होतं ते लंघन. चरकसंहितेत लंघनाची व्याख्याच अशी आहे की देहात लाघव, म्हणजे हलकेपणा, आणणारं जे काही, ते लंघन. तिथे लंघनाचे 10 प्रकार आहेत. त्यांत उपवास हा फक्त एक, व्यायाम आणि ऊनवारा हेही त्यातच.

इथून पुढे तर हे कुटुंब फारच सुंदर आहे. लघु शब्दाचं जुनं रूप रघु, अर्थ वेगवान. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजा धातूचा ‘जाणे’ हा अर्थ पाहूनच मुलाचं नाव रघु ठेवतो. आणि हाच लघु प्राकृतात लहु झाला, अक्षरांची अदलाबदल होऊन हलु झाला, आणि मराठीत ‘हळू’ होऊन बसला. ‘हलका’ही त्याच घरचा. म्हणजे वेगवान रघु, संथ हळू, तापातलं लंघन आणि वाहतूक पोलिसांच्या चलनावरचं उल्लंघन ही सगळी एकाच मुळाची फळं. लॅटिनमधला हलकेपणाचा ‘लेव्हिस’ आणि इंग्रजीतला वजनाने हलका या अर्थीचा ‘लाइट’ हेसुद्धा याच मुळाचे.

‘ओलांडणे’ हे ‘उल्लंघन’चंच मराठी रूप, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. हिंदीत लङ्घ् चं लाँघना झालं, घ जागच्या जागी राहिला. मराठीत ‘ओलांघणे’ व्हायला हवं होतं. त्या घ चा ड कोणत्या नियमाने झाला, हे आधी सांगा. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की ‘उल्लंघन’ शब्दात मुळात दोष नाही, नुसती झेप आहे. नाहीतर दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करून आपट्याची पानं घेऊन आनंदाने घरी आलो नसतो. गुन्ह्याचा वास त्याला मागे येणाऱ्या शब्दाने लागतो: आज्ञेचं, अटीचं, कलमाचं उल्लंघन. म्हणूनच मागे काही न ठेवता नुसतं ‘उल्लंघन झाले आहे’ लिहिणं मला अपुरं वाटतं. कशाचं, ते लिहिलंच पाहिजे.

कायद्याच्या मराठी पाठांत कॉन्ट्रॅव्हेन्शनला ‘व्यतिक्रमण’ असाही प्रतिशब्द भेटतो. संस्कृतात व्यतिक्रम म्हणजे मर्यादा ओलांडणं आणि क्रमाची उलटापालट, दोन्ही. मराठी कानाला त्यात ‘क्रम’ आधी ऐकू येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कागद मागेपुढे लागले. उल्लंघन हा चालता, स्वच्छ शब्द हाताशी असताना हा जड शब्द लोकांच्या गळ्यात घालणं चूक आहे, मग तो कितीही अधिकृत असो.

आता इंग्रजी. ‘कॉन्ट्रॅव्हेन्शन’ लॅटिनमधून आला: कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध, व्हेनिरे म्हणजे येणे. त्या येण्याचं आणि आपल्या गम् धातूचं मूळ एकच. इंग्रज नियमाला समोरून येऊन भिडतो, आपण वरून उडी मारतो. वाक्यात तो असा बसतो: ‘द बाल्कनी वॉज एन्क्लोज्ड इन कॉन्ट्रॅव्हेन्शन ऑफ द सँक्शन्ड प्लॅन.’ पुढे ‘ऑफ’च हवा, आपल्या कचेऱ्यांत बोकाळलेला ‘इन कॉन्ट्रॅव्हेन्शन टू’ नको. क्रियापद वापरलंत तर शब्दयोगी काहीच नको: ‘इट कॉन्ट्रॅव्हीन्स बायलॉ...’, मध्ये ‘अगेन्स्ट’ घालू नका. ‘ऑफ’नंतर नियम, कलम, आदेश किंवा अट येते, माणूस कधीच येत नाही. करार मोडला तर ‘ब्रीच’ बरा.

आणि कलम नीट पाहून लिहा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 चं कलम 351 नोटीस काढण्याचा अधिकार देतं. ‘कलम 351 चे उल्लंघन’ असं परिपत्रकात लिहू नका. ठपका असतो तो कलम 342 किंवा 347 विरुद्ध काम सुरू केल्याचा. तेव्हा वाक्य असं होईल: ‘कलम 342 चे उल्लंघन करून काम सुरू केल्याबद्दल कलम 351 खाली नोटीस आली आहे.’ तुमच्या पत्रात 347 असेल तर तो आकडा घाला.