कागद तुटतो, फाटतो आणि फुटतो

प्रश्न असा आहे: द्राक्षांच्या खोक्यांबद्दलचं एक माहितीपत्रक मराठीत करताना ‘बर्स्टिंग स्ट्रेंग्थ’ला ‘स्फोटशक्ती’ असा शब्द योजला. वाक्य झालं, ‘पुठ्ठ्याची स्फोटशक्ती 9 किलो प्रति चौरस सेंटिमीटर असावी.’ बागायतदारांना त्यातून काही बोध होत नाही. मग ‘फाटण्याची ताकद’ म्हटलं तर चालेल का?

‘स्फोटशक्ती’ जाऊ द्याच, पण ‘फाटण्याची ताकद’ही घेऊ नका. ती घेतलीत तर एका चाचणीचा आकडा दुसऱ्या चाचणीच्या नावावर जाईल.

कागद तपासणारे त्याला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी निकामी करून बघतात. पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढतात, तेव्हा ती तुटते. काठाला आधी छोटी चीर देऊन ती पुढे न्यायला किती जोर लागतो ते मोजतात, तेव्हा कागद फाटतो. आणि कागद चहूबाजूंनी आवळून खालून दाब देतात, तेव्हा तो फुटतो. मराठीत या तिन्हींना तीन स्वतंत्र क्रियापदं तयार आहेत. दोरी तुटते, धोतर फाटतं, फुगा फुटतो. यांची अदलाबदल आपण बोलताना कधी करत नाही, मग लिहिताना का करावी?

‘फुटणे’मध्ये आतला जोर बाहेर येणं आहे. बांध फुटतो, गळू फुटतं, जलवाहिनी फुटते, परीक्षेचा पेपर फुटतो. पालवी फुटते, घाम फुटतो, वाचा फुटते, तांबडं फुटतं. प्रत्येक ठिकाणी आत काहीतरी दाटलेलं आहे आणि ते वाट काढतं. ‘फाटणे’ला मात्र काठ लागतो, ओढ लागते. ‘स्फोट’ही मुळात ‘स्फुट्’ धातूचाच, म्हणजे ‘फुटणे’चा सख्खा नातेवाईक. भर्तृहरीच्या व्याकरणातला स्फोट तर शब्दातून अर्थ प्रकट होण्याबद्दलचा आहे, त्यात धडाका कुठेच नाही. पण आजच्या मराठीत ‘स्फोट’ म्हटलं की सिलिंडर आणि सुरुंगच आठवतात, त्याला इलाज नाही.

आता चाचणी जवळून बघा, म्हणजे शब्द आपोआप पटेल. जॉन मुलेन यांनी 1887 साली अमेरिकेत हे यंत्र बनवलं आणि आजही त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. दोन जाड कड्यांमध्ये कागद घट्ट आवळतात. कड्यांच्या मधलं भोक सुमारे 30.5 मिमी व्यासाचं. खाली रबराचा पडदा, त्याखाली ग्लिसरीन. पंपाने ग्लिसरीन ढकललं की पडदा वर येतो आणि कागद पुरीसारखा फुगतो. मग फट्‌ आवाज होतो आणि काटा जिथवर चढला तो आकडा लिहून घेतात. फुटलेला तुकडा हातात घेतला तर मुख्य चीर बहुधा एकाच दिशेने गेलेली दिसते. यंत्रावर कागद तयार होताना बरेच तंतू त्याच्या धावेच्या दिशेला लागतात. त्या दिशेला कागद मजबूत असतो, पण कमी ताणला जातो. फुगा तर दोन्हीकडे सारखाच ताणतो. म्हणून मजबूत दिशेचेच तंतू आधी हार मानतात आणि चीर त्यांना आडवी जाते.

हा आकडा चाचणीआधी अंदाजानेही काढता येतो. पातळ पडदा फुगून घुमटासारखा झाला की दाब म्हणजे पडद्यातल्या ताणाची दुप्पट भागिले घुमटाची त्रिज्या. समजा 15 मिमी रुंदीची पट्टी साधारण 10.7 किलोच्या ओढीला तुटते, म्हणजे ताण मिलिमीटरला सुमारे 7 न्यूटन, आणि तुटण्याआधी ती 2 टक्के लांबते. तेवढं लांबायला घुमटाची उंची 2.6 मिमीच्या आसपास लागते, आणि त्याची त्रिज्या येते सुमारे 45 मिमी. दाब निघतो 310 किलोपास्कलच्या जवळपास, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 3.15 किलो. यातून दोन गोष्टी उघड होतात. भोक मोठं केलं तर तोच कागद कमी दाबाला फुटेल, म्हणून भोकाचं माप ठरलेलं असावं लागतं. आणि जास्त ताणला जाणारा कागद अधिक फुगतो, त्याची त्रिज्या लहान होते आणि तो जास्त दाब सोसतो.

मोजला जातो तो दाब, म्हणून शब्दात ‘दाब’च हवा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत बल, दाब आणि शक्ती ही तीन वेगळी परिमाणं आहेत आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. त्या हिशोबाने ‘स्फोटशक्ती’ची दोन्ही अर्धं चुकलेली आहेत. माझी पसंती ‘फूटदाब’ला आहे. ‘ढगफुटी’ आपण किती सहज पचवला! तसाच हाही रुळेल. ज्यांना जोडशब्द खटकतो त्यांनी सरळ ‘फुटण्याचा दाब’ लिहावं. फक्त ‘फोडदाब’ नको: फोडणारा बाहेरचा कोणी असतो, इथे कागद किती सोसून मग फुटतो ते विचारलंय.

‘बीएफ’ला, म्हणजे ‘बर्स्ट फॅक्टर’ला, मात्र हात लावू नका. बॉक्सवाले ‘अठरा बीएफ, एकशे ऐंशी जीएसएम’ असंच बोलतात आणि त्यात सगळं येतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि चौरस सेंटिमीटरला ग्रॅममध्ये मोजलेल्या फूटदाबाला जीएसएमने भागलं की बीएफ. दोहोंचा गुणाकार 3240 ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 3.24 किलो फूटदाब. पाच प्लाय, म्हणजे पाच थरांच्या, खोक्यात सपाट थरांचे आकडे पूर्ण आणि नागमोडी थरांचे निम्मे धरून बेरीज करण्याची व्यवहारातली रीत आहे. तीन सपाट थर 150 जीएसएम, 18 बीएफचे घेतले तर 8.1, दोन नागमोडी थर 120 जीएसएम, 16 बीएफचे घेतले तर 1.92. एकूण 10 किलो, तुमच्या 9 च्या अटीत बसतं.

माहितीपत्रकात आणखी एक ओळ जरूर घाला. थप्पीत सगळ्यात खालचा खोका फुटत नाही, तो चेपतो. त्याची चाचणी वेगळी, आकडाही वेगळा. शीतगृहातल्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, तेव्हा खरी काळजी त्या चेपण्याची असते. नुसता फूटदाब बघून खोकी घेणाऱ्याला हे कळायला हवं. वाक्य असं करा: ‘पुठ्ठ्याचा फूटदाब चौरस सेंटिमीटरला किमान 9 किलो असावा; थप्पीचा भार खोका किती पेलतो, ते वेगळं तपासून घ्यावं.’